‘सर शिकवत नाहीत’ : दहावीतील एका विद्यार्थिनीच्या तक्रारीला उत्तर

परभणी जिल्ह्यातील एका खेड्यातून रोज एसटीने तालुक्याच्या शाळेत जाणारी आणि दहावीच्या सेमी इंग्रजीच्या वर्गात शिकणारी विद्यार्थिनी म्हणून तू लिहिलेले पत्र मी दोनदा वाचले. तुझे म्हणणे थोडक्यात असे आहे. गणिताचे सर वर्गाकडे पाठ करून गाईडमधील उदाहरणे फळ्यावर उतरवतात आणि तुमची वहीत उतरवून होण्याआधीच फळा पुसतात. विज्ञानाचे सर इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचतात आणि ओळी अधोरेखित करायला सांगतात. भूगोलाला जूनपासून शिक्षकच नाहीत, तो तास खेळाचे सर ‘सांभाळतात’. शंका विचारली तर ‘एवढंही येत नाही का’ असे ऐकावे लागते. आणि जे उदाहरण वर्गात दोन ओळींत उरकले जाते, तेच गणिताच्या सरांच्या घरच्या शिकवणीत नीट समजावले जाते, असे तुझ्या मैत्रिणी सांगतात. शेवटी तू विचारतेस की तक्रार करावी का, केली तर शाळेच्या हातातले २० गुण कापले जातील का, आणि हे सगळे सोडून लातूरला निघून जावे का.

मी ३३ वर्षे मराठवाड्यातल्याच एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवले, त्यातली शेवटची ९ वर्षे मुख्याध्यापक होतो आणि २०१६ साली निवृत्त झालो. त्यामुळे तुझ्यासारख्या तक्रारी मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत. माझ्याविरुद्धही तक्रार आली होती आणि ती खरी होती. ती पुढे सांगतो.

पहिली गोष्ट ही की तुझ्या पत्रात एक तक्रार नाही, पाच आहेत, आणि त्या पाचही वेगवेगळ्या जातीच्या आहेत. शिक्षक नसणे, शिक्षकाला विषय न येणे, येत असून न शिकवणे, मुलांचा पाणउतारा करणे आणि वर्गातले शिकवणे शिकवणीसाठी राखून ठेवणे, या सगळ्यांना आपण ‘सर शिकवत नाहीत’ या एकाच वाक्यात बसवतो, आणि मग त्या वाक्याला कोणीच बांधील राहत नाही. मुख्याध्यापक ‘बघतो’ म्हणतात, संस्थेचे सचिव ‘मुख्याध्यापकांना सांगतो’ म्हणतात आणि वडील ‘तू अभ्यास कर’ म्हणतात. प्रत्येक तक्रारीचे कारण वेगळे आहे आणि तिची दाद मागण्याचे ठिकाणही वेगळे आहे.

भूगोलाची गोष्ट लवकर संपवतो. राज्यात २०१२ पासून शिक्षक भरतीवर बंदी होती. त्यानंतर अभियोग्यता चाचणी घेऊन ‘पवित्र’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलमार्फत भरती करायचे ठरले, तर पहिली चाचणी २०१७ साली झाली आणि दुसरी थेट २०२३ साली. या काळात निवृत्त होणारे शिक्षक काही थांबले नाहीत. शिवाय शाळेला किती पदे मिळणार हे संचमान्यतेत, म्हणजे शिक्षण खात्याकडून होणाऱ्या पदांच्या मंजुरीत, पटावरून ठरते, आणि दिवाळीनंतर अर्धे गाव ऊसतोडीला जाणाऱ्या भागात पट टिकवणे म्हणजे काय असते, हे तुला मी सांगायला नको. तेव्हा भूगोलाचा तास रिकामा राहतो, यात तुमच्या खेळाच्या सरांचा काही दोष नाही. ते बिचारे वर्गात येऊन बसतात, हाही एक उपकारच समज. इथे मागणी एकच करायची: पद भरेपर्यंत तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन देऊन, कोणाची तरी नेमणूक व्हावी. ही मागणी पालकांनी संस्थेकडे करायची असते, कारण त्या मानधनाची तजवीज अनेकदा संस्थेलाच करावी लागते. भूगोल ४० गुणांचा आहे आणि पुस्तक नकाशा समोर ठेवून वाचले तर मुलांना ते आपले आपण बरेचसे उलगडते. त्या तासाला तुम्ही दोघी-तिघी मिळून एक धडा मोठ्याने वाचा आणि खेळाच्या सरांना फक्त वर्ग शांत ठेवण्याची विनंती करा.

विज्ञानाच्या सरांविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण इथे तू त्यांना आळशी म्हटले आहेस आणि मला ते आळशी वाटत नाहीत. मला ते घाबरलेले वाटतात.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत शाळांनी धडाधड सेमी इंग्रजीच्या तुकड्या काढल्या. पालकांची मागणी होती, शेजारची शाळा पट पळवेल ही भीती होती, म्हणून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू झाले. पण ते शिकवणार कोण, तर स्वतः मराठी माध्यमातून शिकलेले आणि पंधरा-वीस वर्षे मराठीतूनच शिकवलेले शिक्षक. त्यांना ‘अपवर्तन’ समजावता येते, ‘रिफ्रॅक्शन’चे स्पेलिंग मात्र फळ्यावर लिहिताना हात थबकतो. अशा माणसाला सर्वांत सुरक्षित मार्ग कोणता, तर पुस्तक उघडून वाचणे. वाचताना चूक होत नाही. शंका आली की मात्र पुस्तकाबाहेर यावे लागते, म्हणून शंका आलेली त्यांना आवडत नाही.

माझे स्वतःचे गणिताचे शिक्षक निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमातून शिकलेले होते. सत्तरच्या दशकात ते आम्हाला मराठीतून भूमिती शिकवत, आणि रंगात आले की त्यांच्या तोंडून त्रिकोणाऐवजी ‘मुसल्लस’ आणि कोनाऐवजी ‘जाविया’ निघून जाई. मग ते थांबत, पहिल्या बाकावरच्या मुलाकडून पुस्तक घेत, मराठी शब्द शोधत आणि ‘हं, त्रिकोण’ म्हणून पुढे जात. कधी शब्द सापडला नाही तर ‘उद्या बघून सांगतो’ म्हणत आणि दुसऱ्या दिवशी खरोखर सांगत. त्यांच्यापाशी आमची भाषा पुरती नव्हती, तरीही भूमिती मला जी आली ती त्यांच्यामुळे. तेव्हा सरांना इंग्रजी पुरेसे येत नाही, ही तक्रार तू करू नयेस असे मला वाटते. सर वर्गात मराठीतून समजावत नाहीत, ही तक्रार जरूर कर. सेमी इंग्रजीत पुस्तक आणि उत्तरपत्रिका इंग्रजीत असतात. समजावून सांगण्याची भाषा मराठी ठेवायला कोणाची हरकत असायचे कारण नाही. अनेक शिक्षकांना उगाच वाटते की मराठीत बोललो तर पालक म्हणतील, सरांना इंग्रजी येत नाही. दहा पालकांनी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत उठून ‘आमची काही हरकत नाही, मराठीत समजवा’ एवढे म्हटले, तर तुमच्या सरांच्या डोक्यावरचे मोठे ओझे उतरेल. मी हे घडताना पाहिले आहे.

तोवर तू एक कर. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दोन्ही भागांची मराठी माध्यमाची पुस्तके मिळव. ई-बालभारतीवर ती फुकट उतरवून घेता येतात. इंग्रजी आणि मराठी पुस्तकांत धडे तेच आणि त्याच क्रमाने आहेत. घरी आधी मराठी धडा वाच, मग इंग्रजी, आणि प्रत्येक संज्ञा वहीच्या समासात दोन्ही भाषांत लिही. ‘लेटंट हीट’ हे दोन शब्द पाठ करण्यापेक्षा ‘अप्रकट उष्मा’ या शब्दाने काम सोपे होते, कारण उष्णता देतो आहोत पण ती तापमापीत प्रकट होत नाही, हे त्या नावातच सांगितलेले आहे.

आता माझ्याविरुद्धची तक्रार. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत हाच घटक शिकवताना मी व्याख्या सांगत असे, पाठ करून घेत असे आणि पुढे जात असे. एका पालकांनी शाळेत येऊन सांगितले की तुमचे सर नुसते लिहून देतात. मुख्याध्यापकांनी मला बोलावले आणि मी अर्थातच साफ नाकारले. त्याच आठवड्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘सर, भाताला उकळी फुटली की आई चुलीतलं लाकूड मागं ओढते. भात लवकर शिजायला जाळ वाढवायला पाहिजे ना?’ त्या प्रश्नात अख्खा धडा होता. उघड्या भांड्यातले पाणी एकदा उकळू लागले की कितीही जाळ लावला तरी त्याचे तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही. जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. म्हणून जाळ वाढवल्याने भात लवकर शिजत नाही, पाणी तेवढे लवकर आटते आणि सरपण जळते. हे सगळे मला सुटेसुटे ठाऊक होते, पण त्या क्षणी ते जोडता आले नाही. मी म्हणालो, ‘अभ्यासक्रमातलं विचार.’ ती खाली बसली आणि त्या वर्षी तिने मला पुन्हा काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मी स्पिरिटचा दिवा, चंचुपात्र आणि तापमापी घेऊन वर्गात गेलो, तेव्हा तो धडा माझ्या नोकरीत पहिल्यांदा शिकवला गेला. पण त्या मुलीला मी काही बोललो नाही, आणि ते राहूनच गेले.

हे सांगण्याचे कारण असे की ‘एवढंही येत नाही का’ हे वाक्य बऱ्याचदा ‘मला आत्ता सांगता येत नाही’ या वाक्याच्या जागी आलेले असते. म्हणून शंका विचारण्याची वेळ बदलून बघ. साठ मुलांसमोर, तास संपायला पाच मिनिटे असताना विचारलेली शंका शिक्षकाला परीक्षेसारखी वाटते. तीच शंका मधल्या सुट्टीत, वहीच्या पानावर स्पष्ट लिहून, ‘सर, उद्याच्या तासाला एवढं सांगाल का’ असे म्हणून दिली तर सरांना एक रात्र मिळते. ज्यांना विषय येत नाही पण लाज आहे, असे शिक्षक ती रात्र वापरतात. शंकाही नेमकी असू दे. ‘तिसरा धडा समजला नाही’ याला कोणी उत्तर देऊ शकत नाही. ‘तिसऱ्या धड्यात समीकरण संतुलित करताना ऑक्सिजनच्या आधी २ का लिहिला’ याला देता येते. असे तीन-चार वेळा करूनही पाणउताराच वाट्याला आला, तर मग तो स्वभाव आहे असे समज आणि तारखेनिशी लिहून ठेव.

गणिताच्या सरांकडे येतो. इथे दोन शक्यता आहेत आणि वर्गात बसून त्या ओळखता येतात. गाईडशिवाय, पुस्तकाबाहेरचे साधे उदाहरण दिल्यावर जर ते सोडवून दाखवतात, तर त्यांना विषय येतो आणि ते शिकवत नाहीत. सोडवू शकत नाहीत, टाळतात किंवा चिडतात, तर त्यांना विषय येत नाही. तुझ्या मैत्रिणींचे शिकवणीबद्दलचे म्हणणे खरे असेल, तर पहिली शक्यता दिसते. पण आधी दुसरीविषयी सांगतो, कारण ती बाहेरच्यांना दिसत नाही.

मी मुख्याध्यापक असताना नववीच्या वर्गाविषयी कुरकुर येत होती. दोन-तीन पालक तावातावाने येऊन ‘तुमचे सर काहीच शिकवत नाहीत’ म्हणून गेले. मी त्या शिक्षकांना विचारले, त्यांनी टाचणवही, म्हणजे काय शिकवले याची शिक्षकाने ठेवायची नोंदवही, पुढे केली. त्यात वर्तुळापर्यंत सगळी प्रकरणे शिकवून झाल्याची नोंद होती आणि दर आठवड्याला खाली माझीच सही होती. प्रकरण तिथेच मिटले. मग मोंढ्यात हमाली करणारे एक गृहस्थ आले. ते उभेच राहिले, आवाज चढवला नाही, फक्त मुलाची वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘मला वाचता येत नाही सर, पण तारखा पोरानं टाकल्यात, तुम्हीच बघा.’ वहीत प्रत्येक पानावर तारीख होती. दीड महिन्यात दोन सरावसंच, आणि त्या दोन्हींत पहिली तीन-तीन उदाहरणे. मी टाचणवही मागवून वहीशेजारी ठेवली. पाहायचे राहिले होते ते माझे, कारण न वाचता सह्या करणारा मी होतो.

दुसऱ्या दिवशी न सांगता त्या वर्गात मागे जाऊन बसलो. ते शिक्षक प्राणिशास्त्राचे पदवीधर होते. शाळेला गणित आणि विज्ञान मिळून जेवढी पदे मिळतात, त्यांत आलेल्या माणसाला दोन्ही विषय घ्यावे लागतात. बारावीनंतर ज्याने गणिताला हात लावलेला नाही, त्यालाही नववीची भूमिती शिकवावी लागते. प्रमेय सिद्ध करताना त्यांच्या हातातला खडू मी थरथरताना पाहिला आहे. हाच माणूस पचनसंस्था शिकवताना मुले तास संपला तरी उठत नसत. मी वेळापत्रक बदलले: दोन्ही तुकड्यांचा जीवशास्त्राचा भाग त्यांना दिला आणि भूमिती स्वतः घेतली. कोणाला नोटीस दिली नाही, कोणाचा अपमान झाला नाही. पालकांना आणि मुलांना हे ठाऊकच नसते की तास बदलून देणे हा मुख्याध्यापकाच्या अधिकारातला अगदी साधा उपाय आहे, आणि तो मागता येतो.

तेव्हा तक्रार करावी का, याचे माझे उत्तर ‘होय’ असे आहे, पण ती तू एकटीने करू नकोस आणि ती माणसाबद्दल करू नकोस. आजपासून वहीत रोज तारीख टाक. महिनाभराने सात-आठ पालकांच्या सह्यांनी मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या. त्यात ‘सर चांगले शिकवत नाहीत’ असे वाक्य नको. असे लिहा: ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत गणित भाग १ मधील पहिल्या प्रकरणाचे सरावसंच १.१ ते १.३ फळ्यावर उतरवून देण्यात आले. समीकरणांच्या उपयोजनाचा, म्हणजे शाब्दिक उदाहरणांचा सरावसंच १.५ वर्गात घेतलेला नाही. तो घेण्यात यावा, आणि आठवड्यातून एक तास शंकांसाठी राखून ठेवावा. मुलांच्या वह्या सोबत दाखवण्यास आणल्या आहेत.’ अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन ती परत आणा. तोंडी तक्रार हवेत जाते; आवक नोंदवहीत चढलेल्या अर्जाचे काय केले, हे मुख्याध्यापकांना कधी ना कधी सांगावे लागते. अर्जावर तीन-चार आठवड्यांत काही हालले नाही तर तोच अर्ज संस्थेच्या सचिवांना, आणि त्यानंतर जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना द्यायचा. त्यांच्या वर छत्रपती संभाजीनगरचे विभागीय शिक्षण उपसंचालक आहेत, पण माझ्या अनुभवात वहीच्या तारखांनिशी केलेला अर्ज तिथवर न्यावा लागत नाही. काही पालक पहिल्याच दिवशी वर्तमानपत्राच्या वार्ताहराला घेऊन येतात. त्याने शाळा सावध होते आणि शिकवणे आहे तिथेच राहते.

घरच्या शिकवणीबद्दल वेगळे लिहितो, कारण तो विषय येत नसण्याचा प्रश्न नाही, दानतीचा आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई करते. त्या कायद्याचा आवाका आठवीपर्यंतचा असला, तरी पगारी शिक्षकाने आपल्याच वर्गातील मुलांकडून पैसे घेऊन तोच धडा घरी शिकवणे कोणत्याही वर्गात समर्थनीय नाही. मात्र हे तू मैत्रिणींच्या सांगण्यावरून लिहितेस, स्वतः पाहिलेले नाहीस, म्हणून वरच्या अर्जात हा मुद्दा मिसळू नकोस. सिद्ध करता न येणारे एक वाक्य अर्जात शिरले की त्याच्याशेजारची सिद्ध होणारी दहा वाक्ये बाजूला पडतात. तो मुद्दा पालकांनी मुख्याध्यापकांना बैठकीत सांगावा. आणि न्यायाने हेही लिहितो की विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षे विनापगार किंवा २० टक्के अनुदानावर राबलेले शिक्षक मी जवळून पाहिले आहेत. दिवसा शाळा आणि संध्याकाळी शिकवणी, नाहीतर दुसऱ्याच्या वावरात काम, असे करून त्यांनी घर चालवले. त्यांची शिकवणी मला समजते. वर्गात मुद्दाम अर्धे शिकवणे त्यांच्याही बाबतीत मला समजत नाही.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, तरी सांगून ठेवतो. एखाद्या शिक्षकाचे बोलणे, बघणे किंवा स्पर्श चुकीचा वाटला, किंवा मारहाण झाली, तर त्यासाठी तारखांची वही आणि महिनाभराची वाट नको. त्याच दिवशी घरी सांगायचे, शाळेतल्या सखी सावित्री समितीतील बाईंना सांगायचे, आणि कोणी ऐकत नसेल तर १०९८ या क्रमांकावर फोन करायचा.

आता २० गुणांची भीती. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, पण ती जेवढी वाटते तेवढी मोठी नाही. गणिताचे ८० गुण मंडळाच्या लेखी परीक्षेचे आहेत, भाग १ आणि भाग २ प्रत्येकी ४०, आणि त्या उत्तरपत्रिका तुमच्या सरांकडे तपासायला येत नाहीत. उरलेले २० शाळेकडे असतात, आणि त्या २० मध्ये मुले कमी पडली तर शाळेचाच निकाल खाली येतो, म्हणून शाळांचा हात तिथे सढळच असतो. माझ्या ३३ वर्षांत तक्रारीचा सूड म्हणून अंतर्गत गुण कापल्याचे एकच प्रकरण माझ्यापर्यंत आले, आणि मुलीची गृहपाठाची वही पूर्ण असल्यामुळे ते गुण त्याच दिवशी दुरुस्त झाले. तुझी वही पूर्ण ठेव, तिच्यावर सरांची तारखेनिशी सही घेत जा. सात-आठ पालकांच्या सह्यांचा अर्ज असला की तो कोणा एका मुलीचा राहत नाही, हेही आहेच.

लातूरबद्दल तुझ्या वडिलांचे मत तू लिहिलेले नाहीस, पण खर्चाचा आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर असणारच. दहावीच्या मध्यात शाळा बदलू नकोस. कागदपत्रांचा खटाटोप, नवे वसतिगृह आणि खानावळ यांत दोन महिने जातात, आणि तुझ्या हातात मोजकेच महिने आहेत. शाळा सोडून १७ नंबरचा फॉर्म भरण्याचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, सल्लाही कोणी दिला तर ऐकू नकोस. लातूर पॅटर्न म्हणून जे नावारूपाला आले, ते मुख्यतः अकरावी-बारावी विज्ञानाचे काम होते, आणि त्यातला जो भाग मी स्वतः जाऊन पाहिला तो फार साधा होता: वारंवार सराव परीक्षा घ्यायची, उत्तरपत्रिका लगेच तपासून मुलाच्या हातात परत द्यायची आणि चुकलेला प्रश्न पुन्हा सोडवून घ्यायचा. एवढे तुम्ही चौघी एसटीने येणाऱ्या मुली गावातही करू शकता. दर रविवारी मंडळाची एक जुनी प्रश्नपत्रिका दोन तासांचे घड्याळ लावून सोडवा, एकमेकींची तपासा आणि चौघींनाही न आलेले प्रश्न सोमवारी सरांना लिहून द्या. चौघींच्या सहीने गेलेला प्रश्न सरांना झटकता येत नाही.

तुझ्या वर्गातली काही मुले ‘शेवटी केंद्रावर सगळं होतं’ असे म्हणतात, असे तू ओघात लिहिले आहेस. ते वाक्य आमच्या भागात फार जुने आहे, आणि शिकवणे बिघडण्यात त्याचा वाटा मोठा आहे. ज्या शाळेचा निकाल खिडकीतून येतो, तिथे फळ्यावर मेहनत करणारा शिक्षक हास्यास्पद ठरतो. नांदेडमध्ये श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना २०१० च्या सुमारास कॉपीमुक्तीचे अभियान झाले, तेव्हा त्या जिल्ह्यातले माझे शिक्षक मित्र सांगत की पहिल्या वर्षी निकाल कोसळले आणि पुढच्या वर्षी मुले जुलैपासूनच तासाला बसू लागली. त्या मुलांच्या नादी लागू नकोस.

पत्राच्या शेवटी तू एक प्रश्न लिहिला आहेस, जो सरांनी ‘तसंच असतं’ म्हणून सोडून दिला: वर्गसमीकरणाला दोन उत्तरे येतात, मग शाब्दिक उदाहरणात एक का सोडून देतात. हा प्रश्न चांगला आहे. समज, परसात भाजीची एक आयताकृती पट्टी आहे, तिची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आणि क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर आहे. रुंदी शोधायची तर अशी संख्या हवी की तिला तिच्याहून ५ ने मोठ्या संख्येने गुणल्यावर ८४ येतील. समीकरण सोडवल्यावर ७ आणि उणे १२ अशी दोन उत्तरे मिळतात. पहिले पडताळून बघ: ७ आणि १२ यांचा गुणाकार ८४. आता दुसरे: उणे १२ मध्ये ५ मिळवले की उणे ७ येतात, आणि उणे १२ गुणिले उणे ७ हेही ८४ च होतात. म्हणजे समीकरणाच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण त्या संख्या एका पट्टीची मापे आहेत, हे आपण समीकरणात कुठेच लिहिलेले नाही. ती अट आपल्याला ठाऊक आहे, म्हणून उणे रुंदी आपण सोडतो आणि तसे कारण एका ओळीत लिहितो: ‘रुंदी ऋण नसते.’ पण त्याच उदाहरणात पट्टीऐवजी ‘अशा दोन पूर्णांक संख्या काढा’ असे विचारले, तर अट उरत नाही. तेव्हा ७ व १२ ही जोडी आणि उणे १२ व उणे ७ ही जोडी, अशी दोन्ही उत्तरे लिहावी लागतात. एकच लिहिले तर उत्तर अर्धे राहते. सरावसंच २.६ मधली उदाहरणे या नजरेने पुन्हा वाच, आणि कुठल्या उदाहरणात दुसरे उत्तर टिकते ते मला कळव.